पाच ठोके, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या

तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्या. आधीच्या आठांत तीन टाळ्या, नंतरच्या आठांत दोन. क्युबात या ठेक्याला ‘क्लावे’ म्हणतात. लाकडाच्या दोन आखूड दांड्या एकमेकींवर आपटून तो धरतात. कधी कुणी तो वाजवतही नाही, पण सगळ्यांच्या मनात तो चालू असतो. आपल्याकडे समेची जागा हुकली की मैफलीत माना थबकतात. तिथे वादक क्लावेच्या उलट गेला की नाचणाऱ्याचा पाय अडखळतो.

लॅटिन जॅझच्या पियानोची परीक्षा या पाच ठोक्यांपाशीच होते.

न्यू ऑर्लिन्सचा जेली रोल मॉर्टन १९३८ मध्येच सांगून गेला होता, की स्पॅनिश छटेशिवाय जॅझला चव येत नाही. १९४० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये मारियो बाउसाने ‘टांगा’ रचली. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने १९४७ मध्ये क्युबाच्या चानो पोसोच्या कोंगा ढोलांना कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर नेलं. जॅझ आणि क्युबाच्या ठेक्याचं लग्न थाटात लागलं, संसार मात्र बराच काळ वेगवेगळ्या चुलींवर चालला. ढोलांचा ताफा क्युबाचा, सुरावट जॅझची आणि पियानोवाल्याकडे ‘मोंतुनो’, म्हणजे तुटक स्वरांचं तेच ते फिरतं आवर्तन. ठेका मसाल्यासारखा वरून भुरभुरायचा, ही युक्ती आपल्यालाही ठाऊक आहे. ‘समाधी’ (१९५०) मधल्या ‘गोरे गोरे’त सी. रामचंद्रांनी लॅटिन चाल झकास वापरली, पण ती गाण्याचा पोशाख होती, हाडं नव्हेत. सिनेमात तेवढं पुरतं. जॅझमध्ये पुरत नाही.

हाडांपर्यंत जाणाऱ्यांत एडी पालमिएरीचं नाव आधी घ्यावं लागतं. १९६१ मध्ये ‘ला पेर्फेक्ता’ उभारताना त्याने ट्रम्पेटांच्या जागी ट्रॉम्बोन आणले. वाद्यमेळाचा आवाज जाड, गुरगुरता झाला आणि त्यावर पालमिएरीचा पियानो कर्कश, आडमुठे स्वर बिनदिक्कत आपटू लागला. तरी लोक नाचत राहिले. विद्वत्ता आणि घाम एकाच सदऱ्यात मावतात, हे त्याच्याइतकं पटवून देणारं दुसरं कुणी आठवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, ८८ व्या वर्षी तो गेला.

क्युबातल्या चुचो वाल्देसची वाट निराळी. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या ‘इराकेरे’ या वाद्यमेळाने सांतेरिया पंथाच्या पूजाविधीतले बाता ढोल इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी बसवले. चुचोचे हात प्रचंड आहेत आणि कधीकधी तीच अडचण होते. पट्ट्यांवरून वादळ सरसरत जातं, टाळ्या कडाडतात आणि मूळ धून कुठे हरवली ते कळत नाही. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी त्याच्याकडून नेमका वेगच उचलला, हे वाईट झालं.

म्हणून पनामाच्या दानिलो पेरेसकडे वळायला हवं. गायक वडिलांनी त्याच्या हाती आधी बोंगो दिले, पियानो नंतर आला. विशीतच तो गिलेस्पीच्या ‘युनायटेड नेशन’ वाद्यवृंदात पोहोचला. १९९६ च्या ‘पानामंक’ या अल्बमचं नाव म्हणजे पनामा अधिक जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक, पण ही नुसती शब्दांची कोटी नव्हे. मंकच्या वादनात स्वरांइतकंच वजन मोकळ्या जागांना असतं. दोन ठोक्यांमधल्या नेमक्या त्या खिडक्यांत पेरेस क्लावे सरकवतो. डावा हात जणू ढोल, उजवा मंकची तिरकी चाल बोलतो आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही. मंक मुळात कॅरिबियनच होता की काय, असा भास होतो.

सन २००० पासून सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरच्या चौकडीत त्याने आणखी अवघड गोष्ट केली: ठेका जवळजवळ गाळून टाकला. तिथे मोंतुनो शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तरी एखाद्या आघाताची आडवळणी जागा सांगते की हा माणूस ढोलांच्या घरातला आहे.

सांतियागो दे क्युबाचा दाविद विरेयेस पेरेसहूनही पुढे सरकला आहे. २०१४ च्या ‘एम्बोको’ या अल्बममध्ये पियानोच्या जोडीला दोन बास, ड्रम्स आणि क्युबातल्या अबाकुआ बंधुसंघाचे ढोल आहेत. नाचण्याजोगं तिथे फारसं काही नाही. क्लावे धुक्यातल्या दिव्यासारखा दिसतो, लपतो. संगीत म्हणून ते थोर आहे. पण पालमिएरीसमोर घामाघूम होणारी गर्दी इथे यायची नाही, ही खंत लपवण्यात अर्थ नाही.

एवढं सगळं एका ‘लॅटिन’ फडताळात कोंबायचं कसं? ग्रॅमीवाल्यांनी २०११ मध्ये पारितोषिकांचे विभाग १०९ वरून ७८ वर आणले, तेव्हा लॅटिन जॅझ विभागही कापला. वादकांनी गिल्ला केला आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. भांडण रास्त होतं. पण पेरेस आणि विरेयेस यांची कामं त्या पाटीखाली अवघडून बसतात, हेही खरं.

ऐकायला सुरुवात ‘पानामंक’पासून करावी. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा सोळा मात्रा धरा आणि त्या पाच टाळ्या देऊन पाहा.