थोरला भाऊ आणि दारातला लाजर

आल्बर्ट श्वाइट्झर यांचे 'ऑन द एज ऑफ द प्रायमिव्हल फॉरेस्ट' हे पुस्तक मूळ जर्मन भाषेत १९२१ साली व इंग्रजीत १९२२ साली प्रसिद्ध झाले. शंभर वर्षे उलटली, तरी आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात वैद्यकीय सेवेसाठी निघणारा ख्रिस्ती स्वयंसेवक कळत नकळत याच पुस्तकाच्या छायेत निघतो. आपल्या उपदेशांतही सेवेचा दाखला म्हणून श्वाइट्झर यांचे नाव येते. म्हणून या ग्रंथाचे गुणदोष पाळकांनी व उपदेशकांनी पारखून घेणे अगत्याचे आहे.

स्ट्रासबुर्ग येथे ईश्वरविज्ञान शिकविणाऱ्या या पंडिताने तिसाव्या वर्षी वैद्यकाचा अभ्यास आरंभिला आणि १९१३ च्या उत्तम शुक्रवारी पत्नी हेलेन यांच्यासह घर सोडले. ओगोवे नदीकाठचे लाम्बारेने हे आजच्या गॅबन देशातील ठिकाण त्यांनी निवडले. त्यांच्या धर्ममतांविषयी पॅरिसच्या मिशनला शंका होती. तेव्हा आपण उपदेश न करता केवळ डॉक्टर म्हणून राहू, असे वचन त्यांनी दिले. कोंबड्यांच्या खुराड्यात दवाखाना सुरू झाला आणि पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रुग्ण आले. हिवताप, महारोग, निद्रारोग, अंतर्गळ यांची वर्णने लेखक अवडंबर न माजविता करतो.

पुस्तकाचे खरे बळ त्याच्या आरंभीच आहे. लूक १६ मधील श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला लेखक युरोपला लावतो. श्रीमंत मनुष्य म्हणजे आपण आणि दारातला लाजर म्हणजे आफ्रिका, असे तो सांगतो. त्यामुळे सेवा ही दया न राहता ऋणफेड ठरते. शस्त्रक्रियेचा प्रसंगही तितकाच मोलाचा आहे. शुद्धीवर आलेला रुग्ण वेदना गेल्याचे पाहून डॉक्टरचा हात शोधतो व तो सोडीत नाही. मग अंधाऱ्या झोपडीत गोरे व काळे शेजारी बसतात आणि मत्तय २३:८ मधील बंधुत्वाचे वचन लेखकाला प्रत्यक्ष अनुभवास येते.

परंतु हाच लेखक अन्यत्र असे म्हणतो की, मी आफ्रिकी माणसाचा भाऊ खरा, पण थोरला भाऊ. येथे पुस्तकाची वीण उसवते. लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ सालच्या आपल्या व्याख्यानात श्वाइट्झर यांचा त्याग मान्य करूनही नेमक्या याच वृत्तीवर बोट ठेवले. आपला आक्षेप शास्त्राच्या आधारेही मांडता येतो. मत्तयाच्या त्या वचनात थोरला व धाकटा असा भेदच नाही. किंबहुना गुरुपदाचा हव्यास मोडण्यासाठीच ते उच्चारले गेले. लूक १५ मधील थोरला भाऊ तर घराबाहेर रुसून उभा राहतो. आणि लाजराच्या दाखल्यात नाव आहे ते दरिद्र्याला; श्रीमंत बिननावाचाच राहतो.

लाम्बारेनेच्या रुग्णालयातही असा एक नाव असलेला माणूस होता, तो म्हणजे जोसेफ. हा पूर्वी स्वयंपाकी होता. म्हणून रुग्णाचे कोठे दुखते हे तो मटणाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगे. वाचक येथे हसतो, पण या दुभाष्यावाचून डॉक्टरला रोगाचे निदान करता आले नसते, हे विसरता कामा नये. पुढे महायुद्धात पैशांची चणचण भासून त्याचा पगार सत्तर फ्रँकांवरून पस्तीसवर आला, तेव्हा आपलाही काही स्वाभिमान आहे असे सांगून तो निघून गेला. लेखकाने हे प्रामाणिकपणे नोंदविले आहे; मात्र त्या उत्तरात थोरलेपणाच्या तत्त्वाचे खंडन आहे, हे त्याच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

या दोषाचे फळ पुढे दिसले. १९६५ साली देह ठेवीपर्यंत श्वाइट्झर यांनी लाम्बारेनेत अगणित रुग्ण बरे केले, परंतु गॅबनी डॉक्टर घडविणारी शाळा काढली नाही. उलट आपल्या मिरजेस विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालयापाठोपाठ भारतीय तरुणांसाठी वैद्यकीय शाळाही उघडली. तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्या स्वयंसेवकाने याचा विचार अवश्य करावा. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील. त्यानंतर कोण देणार? गावची परिचारिका त्या कामात आरंभापासून सहभागी नसेल, तर पाहुण्याची सेवा पाहुण्याबरोबरच परतते.

आज लाम्बारेने येथे हिवतापावर संशोधन चालते व त्यात आफ्रिकी शास्त्रज्ञ अग्रभागी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली बालकांसाठी शिफारस केलेल्या हिवतापाच्या लशीच्या मोठ्या चाचण्यांचे ते एक केंद्र होते. ज्याला धाकटा मानले, त्याच्या हातून आता इतर देशांतील लेकरांनाही लाभ होत आहे.

तेव्हा हे पुस्तक टाकून देऊ नये. उपदेशात श्वाइट्झर यांचे नाव जरूर घ्यावे. मात्र त्यांच्या त्यागाबरोबर जोसेफचा स्वाभिमानही सांगावा. सेवेला निघणाऱ्याला निरोप देताना आपण त्याच्या औषधांच्या पेटीसाठी प्रार्थना करतो; तो ज्याच्या हाताखाली शिकणार आहे, त्या गावातल्या जोसेफसाठीही प्रार्थना करावी.