मुंगीची रांग आणि पुढचा परिच्छेद

पत्रिकेत आजचा विषय 'शोधातून शिक्षण' असा छापलाय. शब्द जरा भारदस्त आहे. आम्ही बोलणार आहोत ते मुंग्यांबद्दल आणि पाठ्यपुस्तकातल्या एका पानाबद्दल. आम्ही म्हणजे प्राथमिकला शिकवणारे चौघं. टिपण चौघांनी मिळून केलंय, बोलतोय एकजण.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीने तिसरी ते पाचवीसाठी परिसर अभ्यासाची पुस्तकं काढली. हिंदीत त्यांचं नाव 'आस-पास'. आम्ही त्या पुस्तकांचे चाहते आहोत, हे आधीच सांगून ठेवतो. विज्ञान इकडे, भूगोल तिकडे असे कप्पे त्यांत नव्हते. चौथीच्या पहिल्याच धड्यात मुलं शाळेत कशी जातात ते आहे, कुणी बांबूच्या पुलावरून, कुणी होडीतून, कुणी उंटगाडीतून. प्रदेश आला, माणसं आली, पूल कसा बांधतात तेही आलं. आता पुस्तकं बदललीत, पाचवीचं नवं पुस्तक २०२५ मध्ये आलं. तरी जुन्याबद्दलच बोलतोय, कारण चूक काढायची तर चांगल्या पुस्तकातली काढावी. वाईटात काय, कुठेही बोट ठेवा! (हशा)

पाचवीचा पहिला धडा प्राण्यांच्या ज्ञानेंद्रियांवर आहे. त्यात मुलांना सांगितलंय की जमिनीवर गोड काहीतरी ठेवा, मुंग्या यायला किती वेळ लागतो बघा, मग त्यांची वाट पेन्सिलीने अडवा आणि त्या काय करतात ते पाहा. झकास! पण मुलांनी पेन्सिल उचलायच्या आत पुस्तक सांगून मोकळं होतं की पूर्वी एका शास्त्रज्ञाने असेच प्रयोग केले आणि मुंग्या चालताना जमिनीवर वास सोडत जातात असं त्याला आढळलं. खेळ खलास. आपल्या बालभारतीतही 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' हे चौकोन आहेत. डोकं चालवायला जागा किती? बऱ्याचदा खालचा परिच्छेद सुरू होईपर्यंत.

आम्ही हा प्रयोग तिसरीच्या मुलांबरोबर केला, पान न दाखवता. शाळेचा व्हरांडा, कोपऱ्यात गुळाचा खडा, काळ्या मुंग्यांची रांग. पेन्सिल आडवी ठेवली तशी रांग फुटली. एक मुलगा म्हणाला, "त्या पेन्सिलीला घाबरल्या." पुस्तकाच्या हिशेबाने हे चूक. पण जरा थांबून बघा. पेन्सिलीने वासाची वाट झाकली असेल, किंवा मुंग्या खरंच पेन्सिलीला बिचकल्या असतील. नुसत्या पेन्सिलीच्या प्रयोगातून यातलं कुठलं खरं, ते ठरतच नाही. तो मुलगा चुकला नव्हता, प्रयोगच अपुरा होता. मग वाटेवर काहीच न ठेवता तेवढा पट्टा ओल्या फडक्याने पुसायचा असं ठरलं. पुसला. मुंग्या त्या पट्ट्याच्या काठाशी येऊन इकडेतिकडे फिरायला लागल्या. लगेच दुसरीने हरकत घेतली, "त्या पाण्याला घाबरल्या असतील!" मग तो पट्टा वाळेपर्यंत थांबलो, तरीही पहिल्या काही मुंग्या तिथे अडखळल्याच. एवढ्यात दोन तास गेले.

या दोन तासांत विषयांची सांगड कशी पडली ते सांगतो, कारण हल्ली या शब्दावर फार प्रेम आहे. शाळाशाळांत 'पाणी' आठवडा होतो. मराठीच्या तासाला पावसाची कविता, गणितात पाच बादल्या अधिक तीन बादल्या, चित्रकलेत ढग, कार्यानुभवात कागदी होडी. फोटो छान येतात. पण बादल्यांच्या जागी आंबे टाकले तरी त्या गणिताचं काही बिघडत नाही, मग पाण्याचा संबंध काय राहिला?

व्हरांड्यात झालं ते वेगळं होतं. मुलांना वाट किती लांब आहे ते हवं होतं. पट्टी लावली, तर वाट वाकडी. थोड्या वादावादीनंतर वाटेशेजारून सुतळी ठेवत नेली, ती सरळ ताणली आणि मोजली. वक्र रेषेची लांबी, तिसरीत! वहीत एकाने लिहिलं, 'मुंग्या गोंधळल्या.' आम्ही विचारलं, गोंधळलेलं दिसलं का वाटलं? त्यावर बरीच चर्चा होऊन 'मुंग्या गोल फिरल्या' असं लिहिलं गेलं. इतका चांगला भाषेचा तास आम्ही तरी ठरवून घेतलेला नाही. गणित आणि मराठी दोन्ही आली, कारण त्यांच्यावाचून अडलं होतं.

आता आमची फजिती. सुतळी मोजून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, मुंगी पावलं मोजते का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. तास संपत आला होता, पोर्शन मागे होता. "नाही गं, त्या वासावरून जातात," असं म्हणून आम्ही फळा पुसला. म्हणजे ज्या परिच्छेदावर इतका वेळ टीका करतोय, तोच आम्ही तोंडाने वाचून दाखवला. ती गप्प बसली. त्या महिन्यात तिने पुन्हा काही विचारल्याचं आम्हाला आठवत नाही.

बऱ्याच दिवसांनी वाचनात आलं. सहारा वाळवंटातल्या एका जातीच्या मुंग्यांवर झालेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अन्नापर्यंत पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना संशोधकांनी डुकराचे केस चिकटवून उंच काठ्या लावल्या. परतताना त्या घर ओलांडून पुढे गेल्या. ज्यांचे पाय आखूड केले, त्या अलीकडेच थांबून घर शोधू लागल्या. अंतर त्या पावलांच्या हिशेबाने राखत होत्या, असा निष्कर्ष निघाला. आमच्या व्हरांड्यातल्या मुंग्या त्या जातीच्या नव्हेत, त्या वासाच्या वाटेनेच जात असणार. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता.

ती मुलगी तेव्हा चौथीत गेली होती. मधल्या सुट्टीत तिला गाठून हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या काठ्या परत काढल्या का?"

हे मात्र आम्हाला अजून शोधायचंय.