आपल्याच माणसांविरुद्ध साक्ष

सेमिनरीत असताना जॉर्ज बर्नानोस यांची खेड्यातील धर्मगुरूच्या रोजनिशीची कादंबरी आम्हां विद्यार्थ्यांत हातोहात फिरत असे. त्या आजारी, एकाकी धर्मगुरूवर आम्ही मनापासून प्रेम केले. परंतु ज्या मायोर्का बेटावर ही कादंबरी बहुतांशी लिहिली गेली, त्याच बेटाविषयी याच लेखकाने १९३८ साली एक भयंकर पुस्तक लिहिले, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. चांदण्यातील विस्तीर्ण दफनभूमी, असा त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ. 'अ डायरी ऑफ माय टाइम्स' हे त्याचे इंग्रजी भाषांतर मी वाचले ते पन्नाशी ओलांडल्यावर.

बर्नानोस डाव्या विचाराचे नव्हते, हे आधी ध्यानात घ्यावे. ते राजेशाहीचे समर्थक होते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली जिचा निषेध केला, त्या 'आक्सिओं फ्रांसेझ' चळवळीत तरुणपणी वावरलेले. १९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा त्यांची सहानुभूती जनरल फ्रँको यांच्या बाजूला होती. त्यांचा मुलगाही त्या बाजूच्या फालांगे पक्षात सामील झाला होता. मग ट्रक येऊ लागले. रात्री घरांतून माणसे उचलली जात व सकाळी रस्त्याच्या कडेला त्यांची प्रेते सापडत. हे ख्रिस्ताच्या नावाने चालले आहे आणि धर्माधिकारी त्याला आशीर्वाद देत आहेत, हा बर्नानोस यांचा आरोप. त्यांनी दिलेला ३,००० बळींचा आकडा पुढे अभ्यासकांनी फुगलेला ठरवला. आरोप त्यामुळे खोटा ठरत नाही.

एक प्रसंग मात्र माझ्या मनातून जात नाही. १९३७ च्या पास्काकाळात तेथे घरोघर छापील अर्ज वाटले गेले, असे ते सांगतात. आपण पास्काचे पवित्र कम्युनियन कोणत्या चर्चमध्ये घेतले, हे नावपत्त्यासह भरून द्यायचे. अर्ज कोरा ठेवणे म्हणजे संशयितांच्या यादीत आपले नाव आपणच घालणे. भयाने माणसे वेदीकडे धावली. वाचताना मला माझे टेबल आठवले. शाळाप्रवेशाच्या दिवसांत 'हे कुटुंब नियमित मिस्सेला येते' अशा दाखल्यांवर मी सही करतो. त्या सहीमागे बंदूक नसते, एवढे खरे. तरीही त्या वर्षी दाखले लिहिताना हात थोडा अडखळला.

ग्रंथ म्हणून पुस्तक सुघटित नाही. आरंभीचा बराच भाग फ्रेंच राजकारणावरील त्राग्यात जातो. शिवाय १९३१ साली ज्यूद्वेष्ट्या द्र्यूमों यांचा गौरव करणारा ग्रंथ लिहिणाऱ्या बर्नानोस यांनी त्यांना पुढेही कधी पुरते झिडकारले नाही. मायोर्कात उघडलेले डोळे त्या दिशेला मिटलेलेच राहिले.

याहून मोठा आक्षेप धर्मगुरू म्हणून माझाच होता. स्पेनच्या प्रजासत्ताकवादी भागात १३ बिशपांसह सुमारे ६,८०० धर्मगुरू, व्रतस्थ व धर्मभगिनी मारल्या गेल्या. १९३७ च्या जुलैमध्ये स्पॅनिश बिशपांनी सामुदायिक पत्र काढून फ्रँको यांची बाजू उचलली, त्यामागे हे रक्त होते. त्यांच्यावर बर्नानोस इतके थोडे का लिहितात? पुस्तक मिटून मी पुष्कळ दिवस रागावलेला होतो. पण पापनिवेदनाला आलेला मनुष्य शेजाऱ्याची पापे सांगू लागला, तर आपण त्याला थांबवतो. बर्नानोस यांनी आपल्या घरचे पाप सांगितले. आपण येथे मूठभर. आपल्यातला कोणी चुकला तर झाकून घ्यावे, बोलणारा शत्रूच्या हाती कोलीत देतो, असे आपल्याला वाटते. तेव्हा तेथील कॅथलिकांनाही नेमके हेच वाटत होते. माझा राग पुरता गेला, असे मात्र म्हणवत नाही.

या पुस्तकाला एक उत्तर आले, तेही विरुद्ध बाजूने. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या फ्रेंच विचारवंत सिमोन वेल १९३६ साली अराजकवाद्यांच्या तुकडीबरोबर स्पेनमध्ये गेल्या होत्या. त्यांनी बर्नानोस यांना पत्र लिहून आपल्या बाजूचे सांगितले: पंधरा वर्षांचा एक फालांगे सैनिक पकडला गेला, बाजू बदलण्यासाठी त्याला चोवीस तासांची मुदत दिली, त्याने नकार दिला आणि त्याला गोळी घातली गेली. बर्नानोस १९४८ साली वारले, तोवर हे पत्र त्यांनी आपल्या पाकिटात जपले होते, असे सांगतात.