आधी काय वाचावे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा वार्धक्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला निघाली. ‘गुरुजी, आधी काय वाचू?’ असे तिने लासूर स्टेशनच्या फलाटावर विचारले. मी सवयीने ‘नटसम्राट’ म्हणालो. गाडी सुटल्यावर चूक उमगली.

शिरवाडकरांचे 1970 चे हे नाटक थोर खरेच. पण अप्पा बेलवलकर पडले नट. त्यांचे दुःखही भरजरी! आपण डोळे पुसतो, मुलांना बोल लावतो आणि निर्धास्तपणे घरी येतो. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त ही सोय नाही. नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. दुष्ट कोणीच नाही, तरी घर रिकामे. कोणी परका आला तरी त्याला निरोप देणे त्यांच्या जिवावर येते. पोटापाण्याची ददात नसता माणूस कशाने खचतो, ते इथे दिसते.

शेवटी दळवींनी दोघांना मृत्यूच्या हवाली केले, हे मात्र मला पटत नाही. आमच्या गावचे नाना-नानी मरत नाहीत. दिवाळीच्या गाडीची वाट पाहत बसतात. त्यांची उरलेली वर्षे कशी जायची? नाटक थांबते तिथून त्या मुलीचा अभ्यास सुरू व्हायचा आहे.

रात्री फोन करून मी तिला पुस्तकाचे नाव बदलून सांगितले.