चार वाक्यांतले इंजिनिअरसाहेब

कवितेचे रसग्रहण आपण शाळेत शिकतो. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर खालच्या कोपऱ्यात येणाऱ्या निधनवार्तेचे रसग्रहण कोणी शिकवत नाही. शिरूर, न्हावरे, रांजणगाव असे गावाचे नाव ठळक अक्षरांत आणि त्यापुढे जेमतेम चार वाक्ये. नावे गाळली तर मजकूर साधारण असा असतो : येथील सेवानिवृत्त अभियंता अमुक यांचे नुकतेच अल्पशा आजाराने निधन झाले. ते ७६ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. येथील उद्योजक तमुक यांचे ते वडील होत.

साचा ठरलेला, शब्द झिजलेले. तरीही या चार वाक्यांत एक आख्खा माणूस दडलेला असतो, आणि नीट वाचले तर तो बराचसा सापडतो, असे मला मनापासून वाटते.

पहिलाच शब्द ‘येथील’. रांजणगावात तो सहज मिळत नाही. महागणपतीचे हे जुने गाव पुणे-नगर रस्त्यावरचे. १९९०च्या दशकात इथे एमआयडीसी आली. व्हर्लपूल, फियाट, पुढे एलजी यांचे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून माणसे आली. कितीतरी इंजिनिअर पुण्याहून कंपनीच्या बसने येत आणि पाळी संपली की त्याच बसने परत जात. त्यांच्यासाठी रांजणगाव म्हणजे फाटक आणि शॉप फ्लोअर. थोडे जण मात्र इथेच गुंठा-दोन गुंठे घेऊन राहिले. त्यांनी घर बांधले, मुलांना इथल्या शाळेत घातले, चतुर्थीच्या रांगेत गावकऱ्यांबरोबर उभे राहिले. बाहेरून आलेल्या अशा माणसाला बातमीदार ‘येथील’ म्हणतो, तेव्हा गावाने त्याला आपल्यात घेतलेले असते.

मग ‘सेवानिवृत्त अभियंता’. राज्य सरकारची नोकरी असेल तर ती साधारणपणे ५८व्या वर्षी संपते. त्यानंतर हा माणूस अठरा वर्षे जगला. त्याने बाग केली, नातवाचा गृहपाठ घेतला, सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीपासून मंदिराच्या सभामंडपाच्या स्लॅबपर्यंत सगळीकडे फुकट सल्ला दिला. तरी मृत्यूच्या बातमीत नोकरीच पुढे येते. यात मला काही गैर दिसत नाही. गावाने त्याला शेवटपर्यंत ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणूनच हाक मारलेली असते. गैर आहे ते पुढचे : कसला अभियंता, ते बातमी सांगत नाही.

इथे थांबायला हवे. समजा, तो पाटबंधारे खात्यातला होता. शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला, तरीही पाण्याची वाट पाहणारा. घोडवर चिंचणीचे धरण आहे. भीमेवर वर खेड तालुक्यात चासकमान आहे आणि त्याचा डावा कालवा शिरूरपर्यंत येतो. कालवा कागदावर एक रेघ असते. जमिनीवर त्याला फाटे, चाऱ्या, दारे असतात आणि प्रत्येक दारापाशी भांडण असते. पाण्याचे आवर्तन सुटले की वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या हाताशी पाणी येते आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी वाट पाहत राहतो. रात्री कोणी दार उचलतो, कोणी मोटार टाकतो, कोणी भराव फोडतो. पाटबंधारे खात्यातला कनिष्ठ अभियंता अशा रात्री पाटकऱ्याला घेऊन कालव्याच्या रस्त्याने फिरतो. पाणी मोजायचे आणि मोजलेले पाणी शेवटच्या चारीपर्यंत न्यायचे, एवढेच त्याचे काम. पण त्यात त्याची सगळी हुशारी आणि सगळी नीतिमत्ता पणाला लागते.

पाणीवाटपाचा हा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली अभियंता झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १८८४ ते १९०८ मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली ती याचसाठी, की पाणी मोजक्या गावांच्या उसात अडकून न राहता अधिक गावांना मिळावे. खडकवासल्याला धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवणारी त्यांची स्वयंचलित दारे बसली ती १९०३ साली. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, १५ सप्टेंबरला अभियंता दिन आपण साजरा करतो. पण त्यांच्यामागून त्याच खात्यात, त्याच कालव्यांवर जन्म घालवलेल्या शेकडो ओव्हरसियरांच्या आणि उपअभियंत्यांच्या वाट्याला ही चार वाक्येच येतात.

कारण उघड आहे. इंजिनिअरने काम नीट केले तर बातमी होत नाही. भराव फुटला तर होते, पूल खचला तर होते. तीस वर्षे काही फुटले नाही, ही ज्याची कमाई, त्याच्याबद्दल लिहायला बातमीदाराच्या हाती काही उरत नाही.

दुसरे वाक्य वयाचे. ते सगळ्यांसाठी सारखेच, पुढे जाऊ.

तिसऱ्या वाक्यात कुटुंब येते. पत्नी, मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे. एकेका स्वल्पविरामात केवढे तरी गेलेले असते. पत्नी या शब्दामागे धरणाच्या साइटवरच्या वसाहती आहेत, पत्र्याच्या छपराची क्वार्टर्स आहेत, बदलीचा हुकूम आला की पुन्हा बांधायची भांडी आहेत. नवरा आवर्तनाच्या काळात रात्री-बेरात्री बाहेर. घर, मुलांचे दाखले, सासू-सासऱ्यांची औषधे हे सगळे तिनेच बघितलेले. मुलांनी शाळा इतक्या वेळा बदलल्या की त्यांना मोठेपणी भेटणारा एकही बालमित्र नाही. इंजिनिअरसाहेबांची नोकरी एकट्या साहेबांनी केलेली नसते. ‘असा परिवार आहे’ या शब्दांत त्या सगळ्यांची सेवा मोजलेली आहे, असे मी हे वाक्य वाचतो.

आणि शेवटचे वाक्य : ‘यांचे ते वडील होत.’ माझ्या मते या मजकुरातले हेच सर्वांत सुंदर वाक्य. कारण व्यवहारी आहे. वाचणाऱ्याला जिवंत माणूस ओळखीचा असतो, म्हणून त्याच्या नावाने गेलेल्याची ओळख द्यायची. पण त्यात एक मोठी उलथापालथ होते. जन्मभर मुलाची ओळख ‘इंजिनिअरसाहेबांचा मुलगा’ अशी होती. शाळेत प्रवेश त्या ओळखीवर, बँकेत विश्वास त्या ओळखीवर. आज बाप मुलाच्या नावाने ओळखला जातो. कुठल्याही बापाला हे वाक्य आवडले असते.

कुटुंबाने इंजिनिअरचे स्मरण कसे करावे याचा एक मोठा नमुना मराठीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे (१८६९–१९५६) चरित्र त्यांचे पुतणे, ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शंकरराव यांनी लिहिले आणि त्याला नाव दिले ‘यांत्रिकाची यात्रा’. घरातल्या माणसाने लिहिलेल्या चरित्राच्या नावात काका नाही, यांत्रिक आहे. नाते मनात ठेवून काम पुढे केले, हे मला फार योग्य वाटते.

आमच्या भागात दशक्रियेच्या घाटावर प्रवचन झाले की श्रद्धांजलीची भाषणे होतात. पुढारी बोलतात, सरपंच बोलतात. निधनवार्तेत जे आलेले नसते ते अशा वेळी एखादा म्हातारा पाटकरी किंवा कंपनीतला जुना फिटर सांगून जातो : साहेबांनी टेलला पाणी दिल्याशिवाय वरची दारे उघडू दिली नाहीत, लाइन बंद पडली की साहेब स्वतः अंगावर ग्रीस घेऊन मशीनखाली गेले. मंडप उठतो आणि ते बोलणे तिथेच राहते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी अशी वेळ येईल तेव्हा त्या चार वाक्यांत पाचवे वाक्य घाला. कोणत्या कालव्यावर ते होते, कोणता पूल, कोणत्या गावची पाणीयोजना, कोणत्या कारखान्यातली कोणती लाइन त्यांनी उभी केली, ते एका ओळीत लिहून बातमीदाराला द्या. ती ओळ आजच त्यांना विचारून ठेवा. ते आनंदाने सांगतील.