टोचतं, बोचतं, सलतं

एका लेखकमित्राचा नवा कथासंग्रह परवा वाचायला घेतला. पहिल्याच कथेत नायकाला 'तीव्र वेदना' झाली. दुसरीत ती नायिकेला झाली. तिसरीत एका कारकुनाला नवी चप्पल चावली, तिथेही हीच बया हजर! मित्राला मी हे बोलून दाखवलं, तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता बघा, भांडताना माणसाला नेमकं झोंबतं. लिहायला बसला की मात्र त्याला वेदना होते.

वास्तविक या बाबतीत मराठीला कुणाकडे उसनवारी करायला नको. मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. इंग्रजाला तिथे टाचण्या नि सुया लागतात. आपलं मुंग्यांवर भागतं. काटा टोचतो, तो क्षणाचा मामला. सतरंजीखालचा खडा बोचतो, तो कूस बदलेपर्यंत. डोळ्यात कुसळ खुपतं, तशी शेजाऱ्याची नवी मोटारही खुपते. आणि काटा मोडून आत राहिला, की तो सलतो. माणसाच्या बोलण्याचंही तसंच. टोचलं तर लगेच उत्तर देता येतं. बोचलं तर एका रात्रीची झोप जाते. सलायला लागतं, तेव्हा बोलणारा बहुधा हयात नसतो.

हा शब्दांचा चोखंदळपणा नुसता कथेपुरता नाही. आमची आई एकदा म्हणाली, "पाठीला एका बाजूने चुरचुरतंय रे, नुसता पदर लागला तरी हुळहुळतं." मी शिकलेला मुलगा. डॉक्टरांपुढे त्याचं भाषांतर केलं, "पाठ दुखते." चोळायचं मलम मिळालं. मग फोड उठले. मलम उष्ण पडलं असेल, म्हणून मी आणखी चार दिवस घालवले. ती नागीण होती! उठण्याआधी ती अशीच चुरचुरते, आणि पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालेलं बरं. फोड गेले, पाठ पुढे वर्षभर ठणकत राहिली.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ शब्द २० गटांत लावले आहेत, कारण नुसतं 'दुखतं' म्हटल्याने दुखण्याची जात कळत नाही. आईने ती पाहिली नव्हती. तिने आपलं दोन शब्दांत सांगून टाकलं होतं.

तेव्हा मित्रा, रागावू नकोस. तुझी 'तीव्र वेदना' आणि माझी 'पाठ दुखते' एकाच माळेचे मणी. फरक इतकाच, की तुझी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करता येईल. आईचा शब्द मी बदलला, ते आता टोचत नाही, बोचतही नाही. तिसरा शब्द वर दिलाच आहे.