हेस यांचे ‘भूकाव्य’ : एक पुनर्विचार

हॅरी हेस यांचा महासागरी द्रोणींच्या इतिहासावरील निबंध १९६० साली हस्तलिखित रूपाने अभ्यासकांत फिरला व १९६२ साली प्रसिद्ध झाला. लेखकाने त्यास स्वतःच ‘भूकाव्य’ म्हटले. या शब्दात विनय आहे, तसेच टीकेपासून आगाऊ संरक्षणही आहे. निबंधाचे परीक्षण मात्र सिद्धांत म्हणूनच होणे न्याय्य होय.

हेस यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रावरणातील संनयन प्रवाह जेथे वर येतात तेथे सागरतळ उंचावून पर्वतरांग उभी राहते, नवा तळ तेथून दोन्ही बाजूंस सरकतो आणि अखेर खोल गर्तांतून पुन्हा प्रावरणात जातो. महासागर प्राचीन असूनही तळावरील गाळ इतका थोडा का, या कोड्याचा उलगडा या एका कल्पनेने होतो. हे निबंधाचे खरे सामर्थ्य.

निर्णायक पुरावा मात्र हेस यांच्याजवळ नव्हता. तो १९६३ साली व्हाइन व मॅथ्यूज यांनी पुढे आणला. आणि त्यासाठी त्यांनी घेतलेली रांग वायव्य हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग ही होती. अरबी समुद्राच्या तळाचा मोठा भाग याच रांगेपाशी निर्माण झाला आहे, हे येथील अभ्यासकाने विसरू नये.

निबंधातील दोन विधाने पुढे टिकली नाहीत. सागरी कवचाचा मुख्य थर जलसंयोगाने बनलेल्या सर्पेंटाइनचा आहे, असे हेस मानीत. वस्तुतः वर येणाऱ्या प्रावरणावरील दाब कमी होताच त्याचा काही अंश वितळतो, व त्या शिलारसापासून बेसाल्ट आणि गॅब्रो बनतात. मंद गतीने विस्तारणाऱ्या रांगांवर सर्पेंटाइन उघडे पडलेले आढळते. परंतु तो अपवाद होय, नियम नव्हे.

दुसरा दोष कारणमीमांसेचा आहे. आफ्रिका खंड बहुतेक बाजूंनी अशा रांगांनी वेढलेला आहे. तळ विस्तारत असता या रांगांनाही परस्परांपासून दूर सरणे भाग आहे. मग प्रत्येक रांगेखाली स्थिर ऊर्ध्वगामी प्रवाह कसा मानावा? गर्तांत बुडणाऱ्या थंड, जड भूपट्टाची ओढ हे आज प्रमुख कारण मानले जाते. रांगेखालील प्रावरण बव्हंशी पोकळी भरण्यासाठीच वर येते. रांगेची उंची हा तप्त, म्हणून हलक्या, शिलावरणाचा परिणाम होय. माथा सुमारे २,५०० मीटर खोलीवर असतो. तळ थंडावत दूर सरकला की ५,५०० मीटरांहूनही खाली जातो.

सारांश, हेस यांचे वर्णन टिकले, कारण टिकले नाही. दोहोंची परीक्षा वेगळी असते, हा या निबंधाचा संशोधकास मिळणारा धडा आहे.